विश्लेषण : शेतकरी, कवी की राजकारणी? हिंगणघाटात जन्मलेले बाबा आमटे नेमके कोण होते?

बाबा आमटे म्हटले की आनंदवन आणि आनंदवन म्हटले की कुष्ठरोग, एवढेच समीकरण बहुतेकांना पाठ असते. शाळेच्या पुस्तकातला धडा, पांढरी बंडी, मोबाइलवर फिरणारे सुविचार आणि पुरस्कारांची यादी यांपलीकडे आपण सहसा जात नाही. हिंगणघाटात तर अनेकांना ते आपल्याच गावात जन्मले हेही सांगावे लागते. पण बाबा आधी जमीनदार होते, मग वकील, मग नगरपालिकेचे उपाध्यक्ष, मग खडकाळ माळावर पीक काढणारे शेतकरी आणि त्याच काळात मुक्तछंदात लिहिणारे कवी. त्यांच्या एका संग्रहाचे नाव ‘माती जागवील त्याला मत’ असे आहे. शेती, कविता आणि मतदान हे तीन शब्द एकाच ओळीत आणणाऱ्या माणसाला फक्त समाजसेवक म्हणून मोकळे होता येत नाही.

हिंगणघाटशी नाते काय?

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म 26 डिसेंबर 1914 रोजी हिंगणघाटात झाला. ‘बाबा’ हे संतपण मिळाल्यानंतरचे नाव नव्हे. घरात लहानपणापासून त्यांना त्याच नावाने हाक मारत. वडील इंग्रज सरकारच्या महसुली सेवेत होते आणि घराणे मालगुजारांचे. वरोऱ्याजवळ गोरजा येथे त्यांची मोठी शेतजमीन होती.

मालगुजारी म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला थोडे सांगायला हवे. पश्चिम महाराष्ट्रात शेतकरी थेट सरकारला सारा भरत असे. मध्य प्रांतात, म्हणजे तेव्हाच्या वर्धा-नागपूर-चांदा भागात, मध्ये मालगुजार असे. गावाचा सारा तो गोळा करणार, त्यातला वाटा ठेवणार आणि गावावर हुकूमही त्याचाच चालणार. त्या काळातले हिंगणघाट हे वणा नदीकाठचे कापसाच्या व्यापाराचे गाव. इथल्या कापसाला परदेशातल्या गिरण्यांपर्यंत नाव होते. कापूस पिकवणारा एक, मोजणारा दुसरा आणि पैसे मोजून घेणारा तिसरा, ही व्यवस्था ज्या भागात रोज दिसत होती, त्या भागात आणि त्यातल्या वरच्या बाजूच्या घरात बाबा वाढले.

लहानपण कसे गेले?

थाटात. चौदाव्या वर्षी हाती स्वतःची बंदूक होती आणि रानडुक्कर-हरणांची शिकार चालत असे. पुढे मोटार चालवण्याच्या वयाचे झाल्यावर दारात सिंगर कंपनीची स्पोर्ट्स कार आली, तिच्या आसनांवर बिबट्याचे कातडे. इंग्रजी सिनेमाचे वेड इतके की ‘द पिक्चरगोअर’ या नियतकालिकासाठी ते चित्रपट परीक्षणे लिहीत आणि ग्रेटा गार्बो, नॉर्मा शिअरर या हॉलीवूडच्या नट्यांशी त्यांचा पत्रव्यवहार होता. वर्धा जिल्ह्यातला एक तरुण 1930च्या दशकात गार्बोला पत्र लिहितो, हे चित्र आनंदवनातल्या बाबांशी जुळवून पाहायला जरा वेळ लागतो.

त्याच मुलाला घरातली एक गोष्ट मात्र खटकत होती. नोकरांच्या आणि तथाकथित खालच्या जातीतल्या मुलांत खेळायला त्याला बंदी होती. तो खेळायचा आणि त्याबद्दल मारही खायचा. हे बंड तेव्हा घरापुरतेच होते.

त्यांना डॉक्टर व्हायचे होते. वडिलांनी वकील केले. नागपुरात पदवी आणि कायद्याचे शिक्षण झाले, सुरुवातीला आज छत्तीसगडमध्ये असलेल्या दुर्ग येथे वकिली केली आणि मग घरची शेती पाहण्यासाठी ते वरोऱ्याला आले.

वकिली चालत असताना ते राजकारणाकडे कसे वळले?

सेवाग्राम फार लांब नव्हते, हे पहिले कारण. 1936 पासून गांधीजी वर्ध्याजवळ राहायला आले आणि देशाच्या राजकारणाचे केंद्र हिंगणघाट-वरोऱ्यापासून काही तासांच्या अंतरावर आले. बाबांनी सेवाग्राम पाहिले, शांतिनिकेतनला जाऊन रवींद्रनाथांचे काम पाहिले, साने गुरुजींचा प्रभाव घेतला. खादी आली, सूतकताई आली.

दुसरे कारण अधिक व्यावहारिक होते. बाबा वकील म्हणून गावोगावच्या शेतकऱ्यांचे आणि मजुरांचे खटले पाहत होते. तासाभराच्या युक्तिवादासाठी आपल्याला जे पैसे मिळतात, तेवढ्यासाठी शेतमजुराला कितीतरी दिवस राबावे लागते, हा हिशेब त्यांना टोचू लागला. पुढे आयुष्यभर त्यांनी जे केले त्याची गुरुकिल्ली मला इथे दिसते. दया त्यांना नंतरही फारशी मानवली नाही. त्यांचा प्रश्न श्रमाच्या मोबदल्याचा होता.

1942 च्या ऑगस्टमध्ये ‘चले जाव’ची लाट आली. वर्धा जिल्ह्यात आष्टी आणि चांदा जिल्ह्यात चिमूर येथे लोकांनी उठाव केला. गोळीबार झाला, माणसे गेली, मोठ्या प्रमाणावर धरपकड झाली. आंदोलनात पकडलेल्यांच्या बचावासाठी बाबांनी वकिलांची फळी उभी केली. स्वतःलाही तुरुंग पाहावा लागला. त्याच सुमारास रेल्वेतली ती प्रसिद्ध घटना घडली. गोरे शिपाई एका तरुणीची छेड काढत होते. डब्यातल्या इतरांनी खाली माना घातल्या असताना बाबा मध्ये पडले, मार खाल्ला, पण मागे हटले नाहीत. गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटले ते यावरून.

वरोरा नगरपालिकेत काय घडले?

बाबांच्या आयुष्यातले निवडणुकीचे राजकारण एवढेच आणि ते एका छोट्या गावातले. ते वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते. त्याच वेळी सफाई कामगारांच्या संघटनेचेही ते पुढारी होते. म्हणजे मागणी करणारा आणि मागणी मंजूर करणारा, दोन्ही बाजूंना एकच माणूस. आजच्या भाषेत हितसंबंधांचा संघर्षच.

त्या काळी फ्लश संडास नव्हते. पाटीचे संडास असत. मैला पाटीत गोळा करून, डोक्यावर वाहून गावाबाहेर न्यावा लागे आणि हे काम पिढ्यानपिढ्या ठरावीक जातीच माथी मारलेले. पगारवाढीच्या वादात कामगारांनी बाबांना सुनावले की आमचे काम आधी करून पाहा, मग बोला. पुढाऱ्याने हसून वेळ मारून नेण्याचा हा क्षण असतो. बाबांनी पाटी उचलली. एक दिवस फोटोपुरती नव्हे. कित्येक महिने, रोज पहाटे, उपाध्यक्षपदावर असताना आणि वकिली चालू असताना, ते मैला वाहत राहिले.

स्वच्छतेसाठी हातात झाडू धरून छायाचित्र काढण्याची आता रीत झाली आहे. त्यामुळे वरोऱ्यातली ही गोष्ट फार सोपी वाटण्याचा धोका आहे. 1940च्या दशकात, सवर्ण जमीनदाराच्या मुलाने, स्वतःच्याच गावात हे करणे म्हणजे जात, नाते आणि अशिलांचा विश्वास तिन्ही पणाला लावणे होते.

तुळशीराम कोण होता?

मैला वाहण्याच्या त्या दिवसांतच, पावसाळ्यातल्या एका अंधाऱ्या वेळी, गटाराच्या कडेला बाबांना एक गाठोडे दिसले. ते माणूस होते. तुळशीराम नावाचा, कुष्ठरोगाने बोटे झडलेला, जखमांत किडे पडलेला, मरणाच्या दारातला माणूस. बाबा घाबरले आणि पळाले.

ही गोष्ट बाबांनी कधी लपवली नाही. उलट तीच ते पुन्हा पुन्हा सांगत. ज्याला गांधींनी अभयसाधक म्हटले तो रस्त्यावरच्या एका आजारी माणसाला भिऊन घरी पळाला, ही बोच त्यांना झोपू देईना. ते परतले, तुळशीरामावर आडोसा उभारला, त्याच्या जखमा धुतल्या. तो वाचला नाही. मात्र आपल्याला संसर्ग झाला तर, ही भीती आणखी काही महिने बाबांच्या मनात ठाण मांडून होती. म्हणजे झालेला बदल एका रात्रीतला नव्हता. तो भीतीशी चाललेल्या दीर्घ झटापटीतून आला.

दरम्यान 18 डिसेंबर 1946 रोजी नागपूरच्या इंदू घुले यांच्याशी त्यांचे लग्न झाले. त्याच पुढे साधनाताई. एका लग्नघरात सगळे मौजेत असताना ही मुलगी बाजूला जाऊन म्हाताऱ्या मोलकरणीला कामात हातभार लावत होती. ते पाहून बाबांनी निर्णय घेतला. लग्नानंतर वरोऱ्याजवळ त्यांनी श्रमाश्रम सुरू केला, वेगवेगळ्या जाती-धर्मांच्या कष्टकऱ्यांनी एकत्र राहण्याचा, कमाई एकत्र करण्याचा प्रयोग. तो टिकला नाही. साधनाताईंच्या ‘समिधा’ या आत्मकथनात या संसाराची जी किंमत वाचायला मिळते, ती बाबांवरच्या गौरवलेखांत क्वचितच येते.

मग शेतकरी कधी झाले?

कुष्ठरोगाकडे वळल्यानंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे.

वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी 1936 मध्येच कुष्ठसेवेचे काम उभे केले होते. सेवाग्रामात गांधीजी स्वतः परचुरे शास्त्रींची शुश्रूषा करत. म्हणजे वर्धा जिल्ह्यात या कामाची वाट आधीच पडली होती. बाबा 1949 मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये प्रशिक्षणासाठी गेले. कुष्ठरोगाचे जंतू प्रयोगशाळेत वाढवता येत नव्हते, म्हणून प्रयोगासाठी त्यांनी स्वतःचे शरीर देऊ केले. जंतू टोचूनही रोग झाला नाही.

तेव्हा डॅप्सोन हे औषध नुकतेच हाती आले होते. रोग थांबवता येत होता. पण बरा झालेला माणूस जाणार कुठे? गाव घेत नाही, घर घेत नाही, बाजारात कोणी काम देत नाही. उरते भीक. बाबांनी इथे दवाखान्याच्या आधी शेत मागितले.

सरकारकडून वरोऱ्याजवळ 50 एकर जमीन मिळाली. जमीन म्हणायची इतकेच. खडक, काटेरी झुडपे, साप, विंचू आणि पाण्याचा पत्ता नाही. जून 1951 मध्ये बाबा, साधनाताई, विकास आणि प्रकाश ही दोन तान्ही मुले, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात 14 रुपये असा काफिला तिथे पोहोचला. उद्घाटनाला विनोबा आले. नाव ठेवले आनंदवन.

योगायोग असा की याच 1951 मध्ये कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली. ज्या घराला गावच्या गावे वारशाने मिळत होती, त्या घरातला मुलगा त्याच वर्षी माळावर विहीर खोदत होता.

पहिले काम विहिरीचेच. बोटे नसलेल्या हातांनी पहार कशी धरायची, हा प्रश्न पुस्तकी नव्हता. कुष्ठरोगात हातापायाची संवेदना जाते. चटका बसला, दगड लागला, तरी कळत नाही आणि जखम चिघळते. त्यामुळे शेतीकामाची अवजारे, कामाची वाटणी, दिवसाची लांबी हे सगळे त्या हातांना पाहून ठरवावे लागले. ज्याचे हात गेले त्याचे पाय, ज्याचे पाय गेले त्याचे हात, अशा जोड्या लावून काम चाले. पाणी लागले. ज्वारी आली, भाजीपाला आला.

आणि मग बाजारात अडचण आली. कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी वरोऱ्यात कोण घेणार? शेतकऱ्याला भाव न मिळणे माहीत असते, इथे तर मालाला हातच लागत नव्हता. 1950च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे देशोदेशीचे तरुण आनंदवनात राबायला आले. ते इथलेच जेवत होते, इथल्याच लोकांबरोबर विटा वाहत होते. गोरी माणसे खातात म्हटल्यावर वरोऱ्याच्या लोकांची भीती हळूहळू मोडली. आपल्या समाजाबद्दल हा तपशील फारसा अभिमानाचा नाही, पण तो तसाच घडला.

पुढचे वेगाने सांगता येईल. शेती वाढली, दुभती जनावरे आली, हातमाग, सुतारकाम, छपाई सुरू झाली. ज्या गावाने यांना बाहेर ठेवले त्याच गावाच्या मुलांसाठी 1960च्या दशकात आनंदवनाने महाविद्यालय काढले, कृषी महाविद्यालयही उभे केले. कुष्ठरोगमुक्त माणसांनी बांधलेल्या इमारतीत शेतकऱ्यांची मुले शेतीशास्त्र शिकू लागली. 1967 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळ सोमनाथ येथे दुसरा मोठा शेती प्रकल्प सुरू झाला. तिथे बाबांना श्रमिकांचे विद्यापीठ काढायचे होते. कागदोपत्री विद्यापीठ झाले नाही, पण उन्हाळ्यातल्या श्रमसंस्कार छावण्या झाल्या आणि महाराष्ट्रातल्या सामाजिक कार्यकर्त्यांच्या काही पिढ्या त्या छावण्यांत कुदळ धरायला शिकल्या.

कवी म्हणून त्यांचे स्थान काय?

‘ज्वाला आणि फुले’ हा त्यांचा गाजलेला संग्रह 1964 चा. त्याचे शब्दांकन रमेश गुप्ता यांचे. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण बाबांची कविता आधी तोंडून येते, मग कागदावर जाते. टेबलाशी बसून घडवलेली ती कविता नाही. ती सभेत म्हणायची, छावणीत ऐकायची, कामाच्या आधी अंगात भिनवायची. तिला यमकाची ओढ नाही. मुक्तछंदात लांबच लांब ओळी, हाक मारल्यासारखे संबोधन, माती, घाम, हात, जखम, बीज हे शब्द पुन्हा पुन्हा. ‘उज्ज्वल उद्यासाठी’ आणि ‘माती जागवील त्याला मत’ याही संग्रहांत हाच सूर आहे.

साहित्याच्या चिकित्सकांना ती कधीकधी फार उंच पट्टीतली वाटते आणि ते खोटे नाही. सलग वाचली तर दमछाक होते. पण ती कोणासाठी होती हे पाहिले की तिचा आवाज समजतो. ओवी आणि भजन जसे कामाबरोबर चालते, तसे या ओळी छावण्यांत चालल्या. अनेक तरुणांना त्या पाठ होत्या, पुस्तक न उघडताच. या अर्थाने बाबा लोककवी होते. पु. ल. देशपांडे यांच्यासारखा माणूस आनंदवनात वारंवार गेला आणि इतरांनाही घेऊन गेला, त्यामुळे शहरी वाचकाला ही वाट सापडली.

कवितेच्या शीर्षकातला ‘मत’ हा शब्द मात्र फक्त अलंकार नव्हता. मतदार कोणाला मत देतो? जातीला, नोटेला, भाषणाला. बाबांनी कसोटी बदलली आणि ती मातीवर आणून ठेवली. हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या गाड्यांच्या रांगेत उभ्या राहिलेल्या कुणालाही हे शीर्षक समजावून सांगावे लागणार नाही.

मग ते निवडणुकीत का उतरले नाहीत?

वरोऱ्यानंतर त्यांनी विधानसभा किंवा लोकसभेचा मार्ग धरला नाही. पण राजकारण सोडले असे म्हणता येणार नाही. पक्ष सोडून सगळे राजकारण त्यांनी केले.

1973 च्या डिसेंबरात भामरागडच्या जंगलात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि पुढे डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो सांभाळला. त्यातून माडिया-गोंड आदिवासींचे प्रश्न बाबांच्या दारात आले. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला इंद्रावती-गोदावरीच्या खोऱ्यात इचमपल्ली आणि भोपालपट्टणम या धरणांची योजना पुढे आली. आदिवासींची गावे आणि घनदाट जंगल पाण्याखाली जाणार होते. बाबांनी ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ आंदोलन उभे केले, पंतप्रधान इंदिरा गांधींना पत्र लिहिले. त्या योजना पुढे सरकल्या नाहीत.

याच दशकात पंजाब पेटला होता. पाठीच्या मणक्याच्या आजाराने बाबांना तोवर बसणे अशक्य झाले होते. उभे राहायचे किंवा आडवे पडायचे, मधली अवस्था नाही. अशा शरीराने ते पंजाबात फिरले आणि डिसेंबर 1985 मध्ये कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ यात्रा निघाली. शंभराहून अधिक तरुण-तरुणी सायकलवर आणि बाबा गाडीतल्या बिछान्यावर. 1988 मध्ये दुसरी यात्रा अरुणाचलच्या इटानगरहून गुजरातच्या ओखापर्यंत गेली. अलीकडे हेच नाव दुसऱ्या एका राजकीय यात्रेमुळे चर्चेत आले, तेव्हा मूळ यात्रेची आठवण फार थोड्यांनी काढली.

नर्मदेचा निर्णय चुकला का?

बाबांच्या आयुष्यातला सर्वांत वादग्रस्त भाग हा आहे आणि तो झाकून त्यांचे चरित्र पूर्ण होत नाही.

1990 मध्ये, पंच्याहत्तरी ओलांडल्यावर, ते आनंदवन सोडून मध्य प्रदेशात बडवानीजवळ छोटी कसरावद येथे नर्मदेच्या काठावर राहायला गेले. सरदार सरोवर धरणाने जी गावे बुडणार होती, त्यांच्यामध्ये झोपडी बांधून सुमारे दशकभर राहिले. डिसेंबर 1990 मध्ये निघालेला मोर्चा गुजरातच्या सीमेवर फेरकुवा येथे अडवला गेला. 1971 ची पद्मश्री आणि 1986 चे पद्मविभूषण हे सन्मान त्यांनी सरकारला परत केले.

विरोधकांचा युक्तिवाद सोपा होता आणि तो पोकळ नव्हता. कच्छ-सौराष्ट्रातला शेतकरी वर्षानुवर्षे पाण्याची वाट पाहतो आहे, त्याच्या तोंडचे पाणी हे का अडवतात? खडकावर विहीर खोदणाऱ्या माणसाला पाण्याची किंमत सांगायची गरज नव्हती. त्यामुळेच हा पेच खरा होता. एका शेतकऱ्याच्या पाण्यासाठी दुसऱ्या शेतकऱ्याने आणि आदिवासीने आपली माती सोडावी का, सोडली तर त्याला बदल्यात माती मिळणार का? बाबांचे म्हणणे होते की मोठ्या धरणाऐवजी लहान बंधारे, तलाव, गावोगावची जलसंधारणाची कामे यांतून तहान भागू शकते. पैशांच्या भरपाईवर त्यांचा विश्वास नव्हता. वरोऱ्यात भीक नको म्हणणारा माणूस नर्मदाकाठी भरपाई नको, जमीन द्या म्हणत होता. भूमिका तीच होती.

लढाई ते जिंकले नाहीत. 18 ऑक्टोबर 2000 रोजी सर्वोच्च न्यायालयाने धरणाचे काम पुढे नेण्यास परवानगी दिली. थकलेले बाबा आनंदवनात परतले. आनंदवनाला त्यांची गरज असताना ते दहा वर्षे दुसरीकडे होते, ही तक्रार त्यांच्या जवळच्या लोकांतही होती. ती अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. पण आनंदवन त्यांच्याविना चालले, हेही त्या दहा वर्षांनी दाखवले.

पुरस्कारांचे काय?

मॅगसेसे 1985, संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार 1988, टेम्पल्टन 1990, गांधी शांतता पुरस्कार 1999, महाराष्ट्र भूषण 2004. यादी याहून मोठी आहे. ती इथेच थांबवू.

कुष्ठरोग्याला मताचा आणि पदाचा अधिकार होता का?

हा प्रश्न शेवटी घेतला, कारण बाबांच्या राजकारणाचा गाभा इथे कायद्याच्या भाषेत दिसतो. इंग्रजांनी 1898 मध्ये केलेल्या कायद्याने भीक मागणाऱ्या कुष्ठरोग्याला पकडून कोंडून ठेवता येत असे. तो कायदा स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे पुस्तकात राहिला. 2016 मध्ये तो रद्द झाला. जोडीदाराला कुष्ठरोग असणे हे घटस्फोटाचे कारण धरणारी तरतूद 2019 मध्ये वगळली गेली.

आनंदवनाला आज स्वतःची ग्रामपंचायत आहे. ज्यांना गावाच्या वेशीबाहेर काढले होते, त्यांचे स्वतःचे गाव झाले, तिथे त्यांचे घर, त्यांचे शेत, त्यांची मतदार यादी झाली.

9 फेब्रुवारी 2008 रोजी, वयाच्या 93 व्या वर्षी, बाबांचे आनंदवनात निधन झाले. रक्ताच्या कर्करोगाने ते आजारी होते. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दहन केले नाही, आनंदवनाच्याच मातीत दफन करण्यात आले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात ओडिशातला एक खटला निकाली निघाला. निवडून आलेल्या एका नगरसेवकाला कुष्ठरोग असल्याच्या कारणावरून अपात्र ठरवले गेले होते. न्यायालयाने तिथल्या नगरपालिका कायद्यातली ती तरतूद वैध ठरवली आणि अपात्रता कायम राहिली.